आधी गिटार, की आधी ॲम्प?

मास्तरांच्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की तो बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नसे. या वेळचा भुंगा असा होता: आधी गिटार बदलायची, की आधी ॲम्प?

गिटार म्हणजे बेस गिटार. लांब मानेची, चार जाड तारांची, खालचे जड सूर काढणारी. बँडमध्ये सगळ्यांत कमी दिसणारं आणि, मास्तरांच्या मते, सगळ्यांत महत्त्वाचं वाद्य. ॲम्प म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा काळा खोका, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे जमिनीवर ठेवतात तो. गिटार सेकंडहँड घेतलेली. तिची मान किंचित वाकली होती, त्यामुळे ठरावीक जागी बोट दाबलं की तार झणझणायची. ॲम्पची तऱ्हा निराळी. त्याच्या स्पीकरचा कागद कडेला फाटला होता, तो मास्तरांनी स्वतःच्या हाताने डिंक लावून चिकटवला होता आणि तेव्हापासून खोका घसा बसलेल्या माणसासारखा खरखरायचा. दोन्ही बदलायला झाले होते, यात वाद नव्हता. दोन्ही एकदम घेण्याची ऐपत नव्हती, यातही वाद नव्हता. मग आधी कोण?

एखादा शहाणा माणूस डोळे मिटून एकावर बोट ठेवून मोकळा झाला असता. पण मास्तरांचा जीव कुठे एका जागी थांबतोय! हा माणूस लिफ्टचं बटण दाबायचा आणि लिफ्ट यायच्या आत जिना चढायला लागायचा. जेवायचा उभ्याने. समोरच्याचा प्रश्न अर्धा झाला की याचं उत्तर तयार, आणि बऱ्याचदा ते भलत्याच प्रश्नाचं. रात्री ठरायचं, गिटारच. सकाळी दात घासताना वाटायचं, छे छे, ॲम्प! नवी कोरी गिटार त्या फाटक्या खोक्यातून वाजवायची म्हणजे नवा सदरा घालून चिखलात बसण्यासारखं. आणि दुपारपर्यंत पुन्हा गाडी मूळपदावर.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, म्हणून मास्तर. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आयुष्याची कितीतरी वर्षं या माणसाने शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगकडे बघत, पाय तयार ठेवून काढली होती. स्वभाव उतावळा आणि धंदा असा, की काय वाट्टेल ते होवो, स्टिअरिंग दुसऱ्याच्याच हातात. सांगा आता, माणसाने करायचं काय!

एकदा भर चौकात त्यांनी शिकणाऱ्या बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, आधी गिटार घ्यावी की ॲम्प?"

"मास्तर, समोर ट्रक आहे!" बाई किंचाळल्या.

"दिसतोय मला. ब्रेक लावलाय मी. तुम्ही उत्तर द्या."

बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट चिकटले होते. चढावर सिग्नल सुटला तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते, म्हणून मास्तरांनी आपल्या बाजूचा क्लच अलगद सांभाळला, आणि गाडी लोण्यासारखी वर गेली. "वा! छान घेतलीत," मास्तर म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. मास्तर असं नेहमी करायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. माणसाचा हुरूप टिकला पाहिजे, गाडी काय, येईल हळूहळू.

घरी हा प्रश्न निघाला की बायको उठून कामाला लागायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांना सुया टोचून यायची आणि कुठल्याही विषयावर सडेतोड बोलायची. सासूबाईंचे गुडघे असोत की शेजाऱ्यांची भांडणं, तिचं मत ठरलेलं. पण गिटार की ॲम्प म्हटलं की, "बघू." नाहीतर, "तुझं तू ठरव बाबा." एकदा तर त्यांनी गळ्यात गिटार अडकवून स्वयंपाकघराच्या दारातच तिला गाठलं.

"ऐक, हा सूर ऐक. झणझणतोय ना?"

"झणझणतोय."

"आणि हा? हा खोक्यामुळे खरखरतोय. यातलं जास्त वाईट कोणतं?"

"मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली आणि स्वच्छ असलेलं कपाट पुन्हा पुसायला घेतलं. मास्तरांना राग आला. आपल्या आयुष्यातल्या एकुलत्या एका हौसेची हिला एवढी पण फिकीर नसावी?

हौस तरी कसं म्हणावं. त्या बँडवर मास्तरांचा जीव होता. बँड बायकोच्या मोठ्या भावाचा. तो आणि मास्तर जुने दोस्त, लग्न नंतर जमलं. सगळे त्याला दादा म्हणायचे म्हणून मास्तरही दादाच म्हणायचे, पण अरे-तुरेने. दादाचं चष्म्याचं दुकान. तो कीबोर्ड वाजवायचा. शिवाय एक ड्रमवाला आणि एक गाणारी. कंपन्यांची स्नेहसंमेलनं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ, असली कामं. स्टेजवर कुणी मास्तरांकडे ढुंकून पाहत नसे, पण ते तिथे उभे राहिले की छाती भरून यायची. गाणारी गातेय, दादाची बोटं नाचतायत, लोक डोलतायत, आणि या सगळ्याला खालून मी धरून ठेवलंय, असं त्यांना वाटायचं. आठवडाभर दुसऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला ही एकच जागा होती जिथे गाडी तो चालवत होता. म्हणून तर आवाज चांगला हवा होता. नाहीतर कोण एवढी डोकेफोड करतंय!

शेवटी मास्तर वाद्यांच्या दुकानात जाऊन धडकले. एकदा आपली गिटार नेली, एकदा आपला ॲम्प नेला, खांद्याचं पार भरीत करून घेतलं. जुनी गिटार नव्या ॲम्पमधून वाजवली, बरी वाटली. नवी गिटार जुन्या ॲम्पमधून वाजवली, तीही बरी वाटली. दुकानदार म्हातारा होता आणि त्याने गिऱ्हाइकाचा नाद सोडून दिलेला होता. तो म्हणाला, "अहो, तुम्ही त्या खोक्याला चिकटून उभे राहता. तिथून काय कळणार? लोक ऐकतात ते हॉलमध्ये. एकदा खाली, शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका, म्हणजे कळेल काय बदलायचं ते." आणि त्याने एक लांबलचक वायर काढून दिली. "ही घेऊन जा. परत मात्र आणून द्या."

मास्तरांना हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. बेस वाजवणारे सगळेच आपापल्या खोक्याच्या पुढ्यात उभे राहतात. ॲम्पच्या मागून एक वायर हॉलच्या टोकाशी बसलेल्या साउंडवाल्याच्या टेबलाकडे जाते, तिथून आवाज मोठ्या स्पीकरमधून लोकांपर्यंत पोचतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण त्या टेबलाकडे जायचं काय काम? ते यायचे सगळ्यांच्या आधी, स्टेजवर चढायचे, आणि कार्यक्रम संपला की सगळ्यांच्या आधी पळायचे.

पुढचा कार्यक्रम एका कंपनीचा होता. संध्याकाळी लोक यायच्या आधी हॉल रिकामा होता, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातलेल्या, कडेला एक माणूस फुगे बांधत होता. आवाज तपासायला दादाने एक सावकाश गाणं सुरू केलं. मास्तरांनी लांब वायर जोडली होतीच. दादा ड्रमवाल्याकडे तोंड करून बसलाय असं बघून ते वाजवत वाजवतच पायऱ्या उतरले, आणि खुर्च्यांच्या मधून मागे मागे जायला लागले. आता निकाल लागणार होता!

निम्म्या हॉलपर्यंत आल्यावर पाठीमागच्या खोक्याची खरखर विरून गेली. आणि शेवटच्या रांगेत पोचल्यावर मास्तर थक्क झाले. काय तो आवाज! गोल, भरदार, एकेक सूर जागच्या जागी. झणझण नाही, खरखर नाही. गाणारीचा आवाज त्यावर असा निवांत बसला होता, की ऐकत राहावं. मास्तरांना हसू फुटलं. अरे, म्हणजे काहीच बदलायला नको! ना गिटार ना ॲम्प! आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला. आणि आपण वाजवतो चांगलं. खरंच, बरंच चांगलं वाजवतो की!

त्या आनंदात त्यांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं. वायर एका खुर्चीच्या पायात अडकली होती. ताण बसला आणि ती गिटारमधून सटकन निघाली.

बेस थांबला नाही.

मास्तरांच्या बोटांखाली तारा मुक्या होत्या, वायर जमिनीवर पडली होती, आणि हॉलमध्ये तोच गोल, भरदार आवाज शांतपणे चालला होता. क्षणभर त्यांना वाटलं, हॉल मोठा आहे, आवाज घुमत असेल. पण घुमणारा आवाज पुढचे सूर कसे वाजवील? त्यांनी स्टेजकडे पाहिलं. बाजूने दादाचे दोन्ही हात दिसत होते. उजवा वर गाण्याची साथ करत होता. डावा अगदी खालच्या पट्ट्यांवर होता, आणि हॉलमध्ये उमटणारा एकेक जड सूर त्याच्या बोटाबरोबर खाली जात होता.

साउंडवाल्याचं टेबल तिथेच हाताच्या अंतरावर होतं. त्यावर वर-खाली सरकणाऱ्या बटणांची रांग, प्रत्येकाखाली नाव. "बेस" लिहिलेलं बटण पार तळाला होतं. चुकून कुणाच्या हाताने वर सरकू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावली होती. नवी नव्हे, कडा काळ्या पडलेली, जुनी.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

साउंडवाल्याने हेडफोन उगाचच नीट केले. "मास्तर, मला काही विचारू नका. दादांनी सांगितलंय."

आता दुसरा कुणी असता तर त्याला समजायला वेळ लागला असता. मास्तरांना लागला नाही. त्यांना लगेच कळलं, कारण ते रोज हेच करत होते. शेजारी बसायचं, हळूच क्लच दाबायचा, आणि वर "छान घेतलीत" म्हणायचं. असं आपण का करतो तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोरच्याला जमत नाही म्हणून. आणि त्याची कीव येते म्हणून. ते ठाऊक असणंच जास्त झोंबलं.

स्टेजमागच्या खोलीत दादा भिंतीला टेकून उभा राहिला. मास्तर येरझाऱ्या घालत होते. खोली छोटी, चार पावलांत भिंत यायची, वळायचं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"दिवस की वर्षं?"

दादाने चष्मा काढून पुसला. "तू पळतोस रे. गाणं कसलंही असो, तू पुढे. तुझ्यामागे ड्रम धावतो, ड्रमच्या मागे आम्ही. त्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सावकाश नाच ठेवला होता, आठवतंय? म्हातारी जोडपी धापा टाकत खाली बसली."

"मग तोंडावर सांगायचं होतंस!"

"सांगितलं. एकदा नाही, खूपदा सांगितलं. माझं वाक्य संपायच्या आत तू 'हो हो, कळलं' म्हणायचास."

मास्तर भिंतीपाशी जाऊन वळले. "काढून का नाही टाकलंस मग?"

"ते माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं रे," दादा म्हणाला. तेवढ्यावरूनच मास्तरांना उत्तर मिळालं, आणि त्यांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. मग ती म्हणाली, "हो. मीच दादाला म्हटलं होतं, त्याला काढू नकोस म्हणून. तिथून येतोस तेव्हा तू माणसात असतोस. मला ते घालवायचं नव्हतं."

"आणि मी इतके दिवस गिटार की ॲम्प म्हणून तुझं डोकं खात होतो, तेव्हा?"

"तेव्हा मला तोंड वर करून बघवत नव्हतं तुझ्याकडे. काय सांगणार होते, हे घे की ते घे? चुकलं माझं. ओरड हवं तर, पण फोन ठेवू नकोस."

मास्तर ओरडले नाहीत. फोनही त्यांनी ठेवला नाही, नुसता कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी आधी काय, तेही ठरत नव्हतं. बाहेर लोक यायला लागले होते, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. गिटार पेटीत घालावी आणि मागच्या दाराने निघून जावं, हे सगळ्यांत सोपं होतं. पळण्याची सवय तर होतीच अंगात. पेटी उघडलीही त्यांनी. मग गाडी शिकायला येणाऱ्यांचा विचार मनात आला. त्यांच्या क्लचवरचा पाय काढला की गाडी गचका खाऊन बंद पडते. भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना. काही जण त्यानंतर येत नाहीत. काही जण चावी फिरवून पुन्हा चालू करतात. गाडी बंद पडल्याशिवाय मात्र कुणालाच येत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि तरी ते पाय काढत नव्हते.

"ठेवतो मग," ते बायकोला म्हणाले, आणि दादाकडे वळले. "ती चिकटपट्टी काढायला सांग."

"अरे, आज कार्यक्रम आहे!"

"एक गाणं. सावकाश. मी पळालो तर हात लाव, मी काही म्हणणार नाही. पण चोरून नाही. मला दिसेल असा बस."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने आपलं वाक्य न तोडता ऐकलंय, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "बरं," तो म्हणाला, आणि साउंडवाल्याकडे गेला.

स्टेजवर दादाने कीबोर्ड फिरवून घेतला. मास्तरांनी खोक्यामागून साउंडवाल्याकडे जाणारी वायर काढली आणि सरळ गिटारला जोडली. मग ॲम्पचं बटण बंद केलं.

"तुला स्वतःचं ऐकू येणार नाही," दादा म्हणाला.

"इतके दिवस तेवढंच तर ऐकत होतो," मास्तर म्हणाले. आणि दुसरं एक कारण होतं ते बोलले नाहीत. खोका बंद असला म्हणजे त्यांचा आवाज फक्त हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून येणार. पुन्हा कुणी बटण खाली केलं, तर त्यांना ताबडतोब कळणार.

गाणं सुरू झालं. पहिला सूर त्यांनी छेडला आणि तो पाठीशी न येता समोरून, लांबून, हॉलच्या पोटातून आला. झणझणत आला. पण होता त्यांचाच. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं. धरायला काही नाही म्हणून त्यांनी ड्रमवाल्याच्या पायाकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी वाजवून हा पाय त्यांनी कधी बघितला नव्हता! पाय खाली यायचा, तेव्हाच सूर यायला हवा होता. त्याच्या आत नाही. दोन सुरांच्या मध्ये केवढी जागा होती, अरे देवा! या जागेत माणसाने करायचं काय? बोटं शिवशिवत होती, दंडात पेटके येत होते, कपाळावरचा घाम नाकावर उतरला होता. थांब, थांब, असं ते स्वतःलाच दटावत होते.

दुसऱ्या कडव्यात ते पळाले. त्यांचं त्यांनाच कळलं, आणि दादाचा डावा हात मांडीवरून उठून पट्ट्यांवर आला तेही दिसलं. मास्तरांनी एक सूर सोडूनच दिला. वाजवलाच नाही. गाण्यात केवढं तरी भोक पडलं, गाणारीने मान वळवून मागे पाहिलं. मग ड्रमवाल्याचा पाय खाली आला, आणि मास्तरांचा सूर त्याच्याबरोबर. दादाचा हात तसाच अधांतरी राहिला. कडवं संपेपर्यंत तो पट्ट्यांना लागला नाही, पण परत मांडीवरही गेला नाही.

गाणं संपलं. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. ठरलं होतं एकच गाणं. मास्तरांनी दादाकडे पाहिलं. दादाने पुढचं गाणं सुरू केलं.

त्या गाण्याच्या मध्येच कधीतरी दादाने डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला आणि, उजवा हात चालूच ठेवून, सावकाश पाणी प्यायला लागला. कार्यक्रमात गाणं चालू असताना दादाला पाणी पिताना मास्तरांनी कधीच पाहिलं नव्हतं. ते बघून त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ड्रमवाल्याचा पाय दिसेनासा झाला, आणि त्या नादात ते पुन्हा थोडे पळाले.

दादाने पेला खाली ठेवला नाही.